बुक्का आणि विभूती

गुरुवार

यंदा सौंदत्तीच्या यल्लम्माची खेप पौषात पडली. धाकट्या जावेची परडी भरायची राहून गेली होती आणि मार्गशीर्षाच्या यात्रेच्या गर्दीत तिला निघता आलं नव्हतं. दीर नोकरीसाठी नेसरीकडे गेले ते तिकडेच राहिले, मी खानापूर तालुक्यात. दोघी सुना एकाच घरच्या, खरं मधून राज्याची हद्द गेलेली. बेळगावच्या स्टँडवर बसमध्ये बसलो तेव्हा कंडक्टरनं माझं आधार कार्ड बघून शून्य रुपयांचं तिकीट दिलं आणि तिच्याकडून पुरते पैसे घेतले. कर्नाटकात जून 2023 पासून इथल्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे. तेव्हापासून देवस्थानाच्या वाटेवरच्या गाड्या बायकांनी भरून जातात. बरेच जण यावर नाक मुरडतात, मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. देवाला जायचं म्हणून घरात हात पसरण्याची पाळी आमच्या पिढीतल्या कितीतरी जणींवर आली. आता त्या कुणाला न विचारता उठतात आणि गाडीत बसतात.

खानापूरची तांबडी माती, भात, काजू हे सगळं बेळगावपर्यंतच. पुढं बैलहोंगलच्या बाजूला रान काळं होत जातं. जोंधळा कणसात आलेला, मधूनमधून करडई आणि हरभऱ्याचे पट्टे. बैलहोंगलात कित्तूरच्या राणी चन्नम्माची समाधी आहे. इंग्रजांच्या कैदेत 1829 साली ती तिथंच वारली. गाडी गावातून जाताना मी खिडकीतूनच हात जोडले.

तिथंच माझ्या शेजारी एक बाई येऊन बसल्या. सोबत सून आणि सुनेच्या कडेवर तापातून उठल्यासारखं दिसणारं वर्षाभराचं पोर. बाई सत्तरीच्या असाव्यात. इरकल लुगडं, कपाळाला विभूतीचे तीन आडवे पट्टे आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीची लिंगाची डबी. लिंगायत आहेत हे सांगावं लागत नव्हतं. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आणि कपाळाला बुक्का, त्यामुळे माझंही सांगावं लागत नव्हतं.

सीमाभागात अनोळखी माणसाशी बोलायचं तर आधी भाषा चाचपावी लागते. 1956 पासून इथं भाषेवरून इतकं काही घडलंय की पहिलं वाक्य कुठल्या भाषेत टाकायचं याचाही माणूस विचार करतो. मी मोडक्या कन्नडात विचारलं, गुड्डाला, म्हणजे यल्लम्माच्या डोंगराला, निघालात काय? त्यांनी सरळ मराठीत उत्तर दिलं, “व्हय, सुनेचा नवस हाय. तू माळकरी काय गं?”

त्यांचं माहेर निपाणी. लहानपणी आईबरोबर विड्या वळल्या, तंबाखूच्या वखारीत काम केलं, तिथं मराठीच कानावर. लग्न होऊन बैलहोंगलकडच्या खेड्यात आल्या आणि पुढचं सगळं आयुष्य कन्नडात गेलं. “तुझ्यासारखी कोण भेटली की माहेरचं बोलायला मिळतं,” म्हणाल्या. मी त्यांना अक्का म्हणू लागले आणि त्या मला तंगी. कन्नडात धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात.

गुड्डावर पोचायला दिवस मावळला. धर्मशाळेत शेजारी शेजारी अंथरुणं टाकली. पोर रात्री रडत होतं, सून त्याला घेऊन दारात येरझारा घालत होती. मी हरिपाठ मनातच म्हणत पडले होते, तर अक्का अंधारातून म्हणाल्या, “मोठ्यानं म्हण की. पोराला झोप तरी लागंल.” मग मोठ्यानं म्हटला. पोर कशानं झोपलं कोण जाणे, पण झोपलं.

शुक्रवार

पहाटे जाग आली तेव्हा अक्का आंघोळ करून भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. डाव्या तळहातावर इष्टलिंग, त्यावर विभूती, बेलाचं एक पान. हात छातीपुढे धरलेला आणि डोळे लिंगावर. बाहेर भांड्यांचे आवाज, लेकरांची रड, कुणाचं तरी “उदो गं आई उदो”, आणि या बाईची पापणी हलत नव्हती. मी बराच वेळ बघत राहिले. आमच्यात माणसानं देवाकडे चालत जायचं असतं. इथं देव अंगावरच होता, डबीतून काढायचा आणि पुन्हा गळ्यात ठेवायचा.

पूजा झाल्यावर मी विचारलं, हातात घेऊन बघू? त्यांनी मान हलवली. दीक्षा देताना गुरूनं दिलेलं लिंग दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. सांगताना आवाजात ताठा नव्हता आणि संकोचही नव्हता. मला ते आवडलं. मीही माझी माळ कुणाच्या हौसेसाठी उतरवणार नाही.

सकाळी रांगेत उभ्या राहिलो. पौषातल्या यल्लम्माबद्दल बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. कार्तवीर्याच्या वैरातून जमदग्नी ऋषी मारले गेले आणि त्यांची पत्नी रेणुका, म्हणजेच यल्लम्मा, विधवा झाली, म्हणून मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला देवीच्या बांगड्या फोडतात. लोक त्या पुनवेला रांडाव पुनव म्हणतात. माघाच्या पौर्णिमेला ती पुन्हा सौभाग्य लेते. म्हणजे मधल्या दिवसांत डोंगरावरची आई स्वतःच बिनबांगड्यांची असते. एरवी मंगलकार्यात ज्या बायकांना मागं सरकायला सांगतात, त्यांच्यासारखीच.

माझ्या हातातही बांगड्या नाहीत. अक्कांच्याही नाहीत. देवळाबाहेर बांगडीवालीनं जावेचा हात धरून तिला बसवलं, अक्कांच्या सुनेला हाक मारली आणि आम्हा दोघींच्या अंगावरून नजर काढून पुढं गेली. तिचा काही दोष नाही, तिचा धंदा आहे. खरं ते दोघींनाही कळलं आणि दोघींना कळलं हेही दोघींना कळलं.

जावेनं परडी भरली. कडबू, आंबील, भाकरी, वांग्याची भाजी. भंडारा उधळला आणि सगळ्यांचे केस, खांदे पिवळे झाले. सुनेनं पोराला पायरीवर ठेवून डोकं टेकलं. अक्का बाजूला हात जोडून उभ्या होत्या, वाकल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, “मी सुनंसाठी आलेय. तिची सरदा हाय, मी कशाला मोडू? माझा देव माझ्याजवळ हाय.”

दुपारी झाडाखाली चूल मांडली होती, तिथं आम्ही बसलो. समोर खाली मलप्रभेचं पाणी चमकत होतं. नविलुतीर्थाच्या धरणानं तिथं मोठा जलाशय झालाय, त्याला रेणुकासागर म्हणतात. अक्कांनी विचारलं, “माळ कधी घातलीस?”

या प्रश्नाला मी सहसा वर्ष सांगून मोकळी होते. त्या दिवशी सगळं सांगितलं. नवरा गेला तेव्हा मी चाळिशीतही नव्हते. शाळेत शिकवत होते, पगार होता, उपाशी मरणार नव्हते. पण गावात हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. पुतणीच्या लग्नात मी अक्षता टाकायला पुढं झाले तर एका नातेवाईक बाईनं माझं मनगट धरलं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं सगळं मीच करत होते, आणि रात्री वाटायचं की देवानं मला फक्त कामाला ठेवलंय. गावात ज्ञानेश्वरीचं पारायण बसायचं. एके वर्षी सासूबाईच म्हणाल्या, तू पोथी घेऊन बस, माझं मी बघते. बसले. समाप्तीच्या दिवशी दिंडी निघाली आणि एका म्हाताऱ्या माळकऱ्यानं तुळशीवृंदावन माझ्या डोक्यावर ठेवलं. सगळ्या गावासमोर. मग चिमूटभर बुक्का माझ्या कपाळाला लावला आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. वारकऱ्यांत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, त्याच्यासाठी ती रोजची गोष्ट. माझं कपाळ मोकळं झाल्यापासून त्याला पहिल्यांदा कुणी हात लावला होता.

“म्हणून मी विठ्ठलाची,” मी म्हणाले. “बुक्का लावताना कुणी विचारत नाही, मालक आहेत काय म्हणून.”

अक्का काही वेळ गप्प होत्या. मग स्वतःच्या कपाळाकडे बोट नेऊन म्हणाल्या, “हेलाबी विचारत न्हाईत.”

मग त्यांनी त्यांचं सांगितलं. नवरा गेला तेव्हा घरातल्यांनी कोपऱ्यात बसवायचा घाट घातला होता. मठातले स्वामी आले आणि सगळ्यांदेखत त्यांच्या कपाळाला विभूती ओढली. स्वामी म्हणाले, बसवण्णांनी सुतक मानलं नाही, लिंग धरणाऱ्या अंगाला विटाळ नाही, उद्या सकाळी हिची पूजा चुकता कामा नये. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी पूजा केली, आणि त्यानंतर एक दिवस चुकलेली नाही. “माणूस गेला खरं मी ऱ्हायले, असं मला त्या सकाळी कळलं,” म्हणाल्या.

बसवण्णांच्या बाराव्या शतकातल्या चळवळीबद्दल मी शाळेत शिकवलं होतं. कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, अनुभव मंटप ही चर्चेची सभा होती, त्यात अक्कमहादेवीसारख्या बायका बरोबरीनं बोलत, स्त्रीलाही पुरुषासारखीच लिंगदीक्षा. चांभाराच्या मुलाचं आणि ब्राह्मणाच्या मुलीचं लग्न लावलं म्हणून राजा बिज्जळानं शिक्षा केली आणि शरणांची, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांची, दाणादाण उडाली, हेही मुलांना सांगितलं होतं. पुस्तकातलं ते सगळं एका बाईच्या एका पहाटेपर्यंत येऊन पोचलेलं मी या दुपारी ऐकलं.

डोंगरावरची एक गोष्ट लिहिल्यावाचून पुढं जाता येत नाही. याच देवीच्या नावानं पिढ्यानपिढ्या मुलींच्या गळ्यात मणी बांधले गेले, त्यांना जोगतीण केलं गेलं आणि पुढं त्यांचं काय झालं ते सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. कर्नाटकानं 1982 मध्ये कायदा करून यावर बंदी घातली. चौंडकं वाजवत बसलेल्या एका म्हाताऱ्या जोगतिणीजवळ अक्का थांबल्या आणि तिच्या पुढ्यात बसून घरची भाकरी तिच्या हातात दिली. पोरीच्या गळ्यात काय बांधायचं हे तिला कळायच्या आत दुसऱ्यांनी ठरवायचं, याला मी श्रद्धा म्हणणार नाही. ज्या आईनं स्वतः वैधव्य सोसलं, तिच्या नावावर हे खपवलं याचा मला संताप येतो.

शनिवार

निघताना अक्कांनी आमच्या पिशव्याच उचलल्या. घरी आल्याशिवाय सोडणार नाही म्हणाल्या. जाऊ संकोचली, पण तिलाही पोराचा लळा लागला होता. बैलहोंगलला उतरून दुसऱ्या गाडीनं त्यांच्या खेड्यात गेलो. घर मातीचं, दारात बैल, ओसरीवर बसवण्णांची तसबीर. जोंधळ्याच्या पातळ भाकऱ्या, भरल्या वांग्याची एणगाई, शेंगांची चटणी, दही. आमच्याकडची उकड्या तांदळाची पोटं, तरी दोघींनी पोटभर खाल्लं. येणाऱ्याला जेवू घालणं हा त्यांच्या धर्माचाच भाग आहे, त्याला दासोह म्हणतात. मी ताट धुवायला उठले तर सुनेनं हातातून काढून घेतलं.

जेवणानंतर खरा वाद झाला. अक्का म्हणाल्या, “तंगी, तुझा विठ्ठल अठ्ठावीस युगं विटेवर उभा. तू एवढं लांब चालत जातीस. तो का येत न्हाई?”

मी पुंडलिकाची गोष्ट सांगितली. तो आला होता. पुंडलिक आईबापाचे पाय चेपत होता, त्यानं मागं वीट फेकली आणि थांब म्हणाला, आणि देव थांबला. सासूबाईंचं अंथरूण काढताना मला हीच गोष्ट धरून ठेवत होती. तिथं देव म्हणत नाही की आधी माझी पूजा कर. तो म्हणतो, तुझं काम होऊ दे, मी उभा आहे.

हे त्यांना पटलं. त्यांच्याकडेही कामालाच कैलास मानतात, कायकवे कैलास. पण त्यांनी सोडलं नाही. देऊळ कशाला, म्हणाल्या. पैसेवाले शिवालय बांधतात, गरीब काय बांधणार, माझे पाय खांब, माझा देह देऊळ, माझं डोकं सोन्याचा कळस, असं बसवण्णांचं वचन त्यांनी घडाघडा म्हटलं आणि शेवटची ओळ दोनदा म्हटली, “स्थावरक्कळिवुंटु, जंगमक्कळिविल्ल.” उभं केलेलं पडतं, चालतं ते मरत नाही.

मी म्हणाले, “मग अक्का, वारी चालतीच की. देवळात आमचा देव, खरं आमचा धर्म वाटेवरच हाय.”

त्या टाळी देऊन हसल्या. म्हणाल्या, हे मठात सांगते.

मी त्यांना पंढरपूरचं उजळ तेवढंच सांगितलं नाही. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर पायरीपाशी आहे, ते तिथंच का थांबले तेही सांगितलं. साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात उपोषण केलं तेव्हा ते दार सगळ्यांना उघडलं, हेही. ज्या देवावर जीव आहे त्याच्या दारात माणसांनी काय केलं हे झाकून त्याच्याबद्दल बोलता येत नाही, असं मला वाटतं. अक्कांनीही त्यांच्याकडचं सांगितलं. बसवण्णांनी मोडलेल्या जाती त्यांच्याच लोकांत परत कशा उगवल्या, सोयरीक जुळवताना आजही काय काय विचारतात. त्यांनी ते खाली मान घालून नाही, रागानं सांगितलं.

संध्याकाळी त्यांचा मुलगा आम्हाला एम. के. हुबळीला घेऊन गेला. बसवण्णांच्या पत्नी गंगांबिका तिथं मलप्रभेत लिंगैक्य झाल्या, म्हणजे त्यांनी देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. कल्याणहून पांगलेले शरण या वाटेनं उळवीच्या जंगलाकडे गेले. आमच्याच खानापूर तालुक्यातल्या कक्केरीत डोहर कक्कय्यांनी देह ठेवला असं मानतात, आणि आमच्या बाजूच्या कितीतरी मराठी घरांत ही नावंही ठाऊक नाहीत. हे बदलायला हवं. शेजारच्या गावातला संत आपलाच असतो, तो बोलला कुठल्याही भाषेत असू दे.

अक्का नदीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि मी त्यांच्या शेजारी. त्यांनी कन्नडात काहीतरी म्हटलं, मी एक अभंग म्हटला. जाऊ म्हणाली, “ताई, मला दोन्ही कळलं न्हाई, खरं बरं वाटलं.”

रविवार

महामार्गावरून कित्तूर, तिथून बिडीवरून नंदगडकडे. पुन्हा तांबडी माती, झाडी. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी 1831 मध्ये फाशी दिली. तिथल्या वडाला मूल व्हावं म्हणून लोक आजही पाळणे बांधतात. गावात चर्चही आहे. गाडी तिथं थांबली तेव्हा रविवारच्या प्रार्थनेहून परतणारी काही माणसं चढली, आमच्या गावापलीकडची, ओळखीची.

त्यांच्याकडे बघताना मला रेव्हरंड ना. वा. टिळक आठवले. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं. त्यानं त्यांना नवा करार वाचायला दिला. पुढं 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी घर दुभंगलं, लक्ष्मीबाईंना काय काय सोसावं लागलं हे मराठी वाचकांना माहीत आहे. एका प्रवासात, एका अनोळखी माणसाशी बोलताना, माणसाचं आयुष्य इतकं वळू शकतं. म्हणून या बोलण्याला मी हलकं समजत नाही. आणि म्हणूनच त्याला भीतही नाही. आजकाल धर्माचं नाव काढलं की समोरच्याला वाटतं याला काहीतरी विकायचंय, नाहीतर भांडायचंय. अक्कांना मी माझ्या देवाबद्दल सांगितलं ते त्यांनी ऐकावं, त्याच्याकडे एकदा तरी यावं, अशी इच्छा धरूनच सांगितलं. ती इच्छा मी त्यांच्यापासून लपवली नाही. त्यांनीही त्यांची लपवली नाही. कुडलसंगमला घेऊन जाईन, बसवण्णा जिथं ऐक्य झाले तिथं तुला बसवीन, असं त्यांनी मला दहादा बजावलं.

घरी आले तर दिंडीच्या तयारीला लागायचं होतं. आषाढात आमच्याकडे रोपलावणी असते, शेतकरी माणसाला रान सोडवत नाही, म्हणून आमच्या गावची पायी वारी माघात निघते. यादी करायला बसलो होतो तेव्हा अक्कांचा फोन आला. आधी पोराला आता ताप नाही हे सांगितलं. मग विचारलं, लिंग धरलेली बाई तुमच्या दिंडीत चालली तर चालतंय काय? मी म्हणाले, कुणाला विचारायचं त्यात? वीणेकऱ्यांना नुसतं सांगून ठेवते.

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. पहाटे पूजेला बसायला एक कोपरा मिळंल काय, आंघोळीला पाणी असतं काय, एकादशीला मी उपास करत न्हाई, ते तुमच्या माणसांना चालंल काय? कोपरा मिळेल म्हणाले. पाणी टँकरचं असतं, थंड असतं. एकादशीला त्यांच्यासाठी दोन भाकरी मीच बांधून घेईन. पायात चप्पल कुठली घालायची, हे मात्र जावेला विचारून सांगते म्हटलं, तिला त्यातलं जास्त कळतं. दशमीच्या आत पंढरपुरात पोचायचं आहे. सून त्यांना खानापूरच्या स्टँडवर आणून सोडणार आहे. वारी झाली की कुडलसंगम. मी हो म्हटलंय.